मॅडमच्या पलंगाशेजारचं झाड

माझे बाबा सांगलीत दातांचे डॉक्टर होते. आई गेल्यावर दोनेक वर्षं त्यांनी एकट्याने काढली. मग गुडघे कुरकुरायला लागले, तसा दवाखाना बंद करून ते आमच्याकडे दिल्लीत मयूर विहारला राहायला आले. सामान फार नव्हतं. कपड्यांची एक बॅग आणि एक लोखंडी पेटी. निजामुद्दीन स्टेशनवर हमालाने पेटी उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"इसमें क्या है, बाबूजी?"

"दांत का सामान," बाबा म्हणाले.

हमालाने माझ्याकडे पाहिलं. पेटीत दातच भरलेत असं त्याला वाटलं असणार, कारण पुढे गाडीपर्यंत त्याने ती फार जपून नेली. आत चिमटे होते, तोंडात घालायचे छोटे आरसे, कोरायच्या हत्यारांचा संच, मेणाच्या गुलाबी पट्ट्या आणि दातात भोकं पाडायचं छोटं मोटरवालं ड्रिल. हे सगळं दिल्लीला कशाला, असं मी विचारलं नाही. जन्मभराची हत्यारं माणूस कुठे टाकून येणार?

पहिले काही आठवडे त्यांचे वाईट गेले. मी नोएडाच्या ऑफिसात, नवरा त्याच्या सरकारी कचेरीत, मुलगी कॉलेजात. सोसायटीच्या बागेत सकाळी फिरणारी मंडळी पुष्कळ, पण बाबांचं हिंदी दवाखान्यातलं. मुंह खोलो, कुल्ला करो, दुखता है क्या, एवढ्यावर त्यांचं आयुष्य निभावलं होतं. बागेत भेटलेल्या माणसाला तोंड उघडा असं सांगता येत नाही. त्यामुळे ते नुसतेच हसून पुढे जायचे.

मे महिन्यात एका दुपारी आंधी आली. आभाळ पिवळं झालं, दारं-खिडक्या आपटल्या, घरभर धूळ. बागेतल्या जुन्या शिरीषाची मोठी फांदी मोडून पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली म्हणून मी दार उघडलं, तर आधी फांदी आत आली आणि तिच्यामागून बाबा.

"हे काय?"

"फांदी."

"ते दिसतंय. पण कशाला?"

"बघ तरी. एकदम निरोगी आहे." त्यांनी छोट्या आरशाच्या दांड्याने फांदीवर टकटक केलं, जसं दाढेवर करायचे तसं. "आवाज ऐक. कुठे कीड नाही."

लिफ्टमध्ये ती फांदी सरळ मावली नव्हती. तिरकी करून, खालच्या मजल्यावरच्या दोन बायकांना भिंतीला चिकटवून त्यांनी ती वर आणली होती. त्या बायकांशी बाबांची पहिली ओळख ती.

वॉशिंग मशीनशेजारची बाल्कनी त्यांनी ताब्यात घेतली. हिवाळ्यातल्या धुरासाठी आणून ठेवलेले मास्क आता लाकडाच्या भुशासाठी वापरात आले. पहिली वस्तू बनली ती किल्ल्या अडकवायची. फांदीचा वाकडातिकडा तुकडा, त्याला फुटलेल्या डहाळ्या तासून गुळगुळीत केलेल्या, आणि मधे सालीचा एक पट्टा तसाच ठेवलेला. दिसायला एखादं जनावर पाय पसरून भिंतीवर चढतंय असं वाटायचं. आमच्या घरात रोज सकाळी किल्ल्यांवरून जी धावपळ व्हायची ती थांबली.

दुसरी वस्तू दिवा. आठवडी बाजारात एका भाजीवाल्याकडे वाळून खडखडीत झालेला भोपळा पडला होता. बाबांनी तो मागून आणला आणि ड्रिलने त्याला बारीक भोकं पाडायला घेतली. तो आवाज तुम्हाला माहीत आहे. दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीवर बसल्यावर अंगावर काटा आणतो तोच. खालच्या मजल्यावरची एक बाई जिन्यात मला थांबवून काळजीने म्हणाली, "आपके यहाँ किसका इलाज चल रहा है?" भोपळ्यात बल्ब सोडल्यावर मात्र भिंतीवर अशी काही नक्षी पडली, की मुलगी तिचं अंथरूण उचलून त्या खोलीत घेऊन गेली.

मुलगी दिल्लीत जन्मलेली. फांदीला ती टहनी म्हणायची आणि बुंधा हा शब्द तिने ऐकलाच नव्हता. बाबांच्या हाताशी बसून तिने बुंधा, ढोली, गाठ, डहाळी असे शब्द उचलले. नवऱ्याचं बालपणही दिल्लीतच गेलेलं. तो तिच्याकडून शिकला आणि आम्हाला शिकवल्यासारखा वापरायला लागला.

मी सुरुवातीला चिडायचे. कपड्यांवर भुसा, भाजीच्या टोपलीत वाळक्या शेंगा, एकदा तर फ्रीजवर सुगरणीचं रिकामं घरटं. "बाबा, घर आहे हे," मी म्हणायचे. ते म्हणायचे, "म्हणूनच तर."

मग स्टुलाचा प्रसंग घडला. बाबांनी झाडाच्या बुंध्याची जाड चकती आणि तीन फांद्या यांचं एक स्टूल केलं. देखणं झालं होतं. नवऱ्याचे ऑफिसातले वरिष्ठ रविवारी जेवायला आले आणि कौतुकाने त्याच स्टुलावर बसले. मी श्रीखंडाची वाटी त्यांच्या हातात दिली. ते पहिला चमचा घेणार तोच स्टुलाचे तीन पाय तीन दिशांना गेले. साहेब जमिनीवर, चकती त्यांच्याखाली, पण वाटी तशीच उंच धरलेली. श्रीखंडाचा थेंब सांडला नाही. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता. साहेब भला माणूस. उठून कपडे झटकले आणि म्हणाले, "श्रीखंड बहुत अच्छा है."

ते गेल्यावर बाबा कितीतरी वेळ तो निखळलेला सांधा हातात घेऊन बसले होते. मी जवळ गेले.

"दात सुंदर दिसला आणि त्याने चावता आलं नाही, तर काय उपयोग?" ते म्हणाले. त्यानंतर बरेच दिवस बाल्कनीतून आवाज आला नाही.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक मॅडम राहतात. कॉलेजात हिंदी शिकवून निवृत्त झालेल्या, मुलगा कॅनडात. आदल्या थंडीत त्या पडल्या होत्या आणि खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. चालता येत होतं, पण बसल्यावर उठणं कठीण होतं. मुलाने तिकडून स्टीलचा वॉकर आणि भिंतीला लावायच्या स्टीलच्या दांड्या पाठवल्या. वॉकर त्यांनी बाल्कनीत नेऊन ठेवायला लावला, त्यावर मनीप्लांट चढवला. दांड्या खोक्यातच राहिल्या. "अस्पताल में दस दिन रह आई हूँ," त्या म्हणायच्या. "अब अस्पताल मेरे यहाँ रहने आएगा क्या?"

त्यांच्या फ्लॅटची एक किल्ली माझ्याकडे असायची. ऑगस्टमध्ये एका दुपारी मी घरून काम करत होते. कढीपत्ता जास्त आला होता, तो द्यायला गेले. बेल वाजवली तर आतून "आ जाओ" असा आवाज आला, पण दार उघडायला कोणी आलं नाही. मी किल्लीने उघडलं. मॅडम पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. स्वयंपाकाची बाई सकाळीच निघून गेली होती. फोन समोरच्या टेबलावर, पाण्याचा ग्लासही तिथेच.

"कब से बैठी हैं?"

"पता नहीं. घड़ी भी उधर ही है."

त्या हसल्या. मी हात दिला, त्या उठल्या, पाणी प्यायल्या. पण माझा हात त्यांनी लगेच सोडला नाही.

रात्रीच्या जेवणात मी हे घरात सांगितलं. "मग त्या दांड्या लावून टाकूया ना," मुलगी म्हणाली. "प्रॉब्लेम काय आहे?"

"त्यांना नको आहेत."

"कवळीचं असंच असतं," बाबा म्हणाले. "आवडली नाही तर ती पेल्यातच राहते. कितीही चांगली बसवा." मग त्यांनी आमटी वाढून घेतली.

सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. "चल, तू भाषांतर करशील," मला म्हणाले. आम्ही समोर गेलो. बाबांनी नमस्कार केला आणि दवाखान्याच्या सवयीने थेट सांगितलं, "उठके दिखाइए."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "क्यों? मैं कोई तमाशा हूँ?"

बाबा गोरेमोरे झाले. मी काहीतरी सावरून घेणार, तेवढ्यात ते स्वतःच समोरच्या खुर्चीत बसले आणि उठून दाखवायला लागले. एक हात टेबलावर, एक गुडघ्यावर, मग "आई गं" म्हणून कण्हणं, मग अर्धवट उठून थोडा वेळ कमरेत वाकून थांबणं, मग सरळ. यात नाटक काही नव्हतं. ते रोज असेच उठतात.

मॅडम हसायला लागल्या. "अच्छा, तो आपका भी यही हाल है." आणि मग त्यांनी पलंगावरून दोन-तीनदा उठून दाखवलं. बाबा बघत राहिले. उठताना मॅडमचा डावा हात हवेत कशाला तरी धरायला जायचा, दर वेळी त्याच जागी. बाबांनी भिंतीवर त्या उंचीला पेन्सिलीची खूण केली. मग माझ्याकडून वाडग्यात गरम पाणी मागवलं, मेणाच्या गुलाबी पट्ट्या त्यात मऊ केल्या, त्यांचा गोळा करून मॅडमच्या हातात दिला.

"दबाइए."

"कितना?"

बाबांना शब्द सुचेना. "जैसे बच्चे का कान पकड़ते हैं," मी म्हणाले.

"वह तो हमें आता है," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मूठ आवळली. मेणात त्यांच्या बोटांचे खड्डे उमटले, अंगठीसुद्धा. बाबांनी ते मेण थंड पाण्यात घालून रुमालात गुंडाळलं. काय करणार आहेत ते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मॅडम नको म्हणाल्या असत्या, असं ते मला जिन्यात म्हणाले.

लाकूड सापडायला वेळ लागला. शिरीष मऊ निघाला, बाजारातलं लाकूड सरळसोट. पावसाळ्यात यमुना चढली होती, ती उतरल्यावर एका रविवारी नवऱ्याने आम्हाला गाडीने नदीकाठच्या शेतांकडे नेलं. चिखल, प्लॅस्टिक, वाळलेली पाणकणसं, आणि त्या सगळ्यात अडकलेला एक बाभळीचा बुंधा. पाण्याने साल निघून गेली होती आणि आतलं तांबूस लाकूड चकाकत होतं. कमरेच्या वर त्याला दोन फाटे, त्यावर आणखी लहान फाटे. बाबा त्याच्याभोवती फिरले. आरशाचा दांडा काढून टकटक सुरू केली.

शेजारच्या वाफ्यात एक बाई मुळ्याचं बी टाकत होती. ती उठून आली. "क्या देख रहे हैं?"

"आवाज़," नवरा म्हणाला.

तिने विळ्याच्या मुठीने दोनदा ठोकून पाहिलं. "ठीक तो है," ती म्हणाली, आणि दुसरं टोक उचलायला लागली. तिने आणि नवऱ्याने मिळून तो गाडीपर्यंत ओढला. डिकीचं झाकण लागेना. माझ्या ओढणीने ते बांधलं आणि मागे फाटे डोलवत आम्ही घरी आलो. सोसायटीच्या गेटवरच्या गार्डने आता विचारणं सोडलं होतं. त्याने फक्त सलाम केला.

बाभूळ बाल्कनीत आठवडेच्या आठवडे वाळत राहिली. मग बाबांनी ड्रिल लावलं, आणि ड्रिलने शेवटचा श्वास घेतला. धूर निघाला, बंद. बाबांनी ते पुसून पेटीत ठेवलं. "या लाकडापेक्षा दाढा बऱ्या," एवढंच म्हणाले, आणि हार्डवेअरच्या दुकानातून पटाशी आणि कानस घेऊन आले. मेणाचा मुठीचा ठसा समोर ठेवून ते फाट्यावर तसेच खड्डे कोरत. थोडं कोरायचं, मेण लावून बघायचं, पुन्हा कोरायचं. दोन ठिकाणी मूठ कोरली, एक पलंगावर बसल्यावर हाताला येईल अशी आणि दुसरी तिच्यावर, अर्धं उठल्यावर धरायला. वरचे लहान फाटे तसेच ठेवले, फक्त टोकं गोल केली. शेवटी जवसाचं तेल लावलं तेव्हा लाकडाचा रंग असा उघडला की आम्ही सगळे बाल्कनीत उभे राहून बघत होतो.

आता ते उभं कसं राहणार? बाजारातल्या आटाचक्कीच्या दारात दळायचा झिजलेला जुना दगड पडून असतो, गोल, मधे भोक असलेला. बाबांनी चक्कीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ले जाइए, रोज़ हमारा ही पैर तोड़ता है." त्या भोकात बुंध्याचं टोक बसवायचं होतं. दाढेवर टोपी बसवताना कुठे उंच लागतं ते बघायला डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात. बाबांनी कार्बन पेपर वापरला. टोक भोकात घालायचं, काढायचं, जिथे काळं लागलं तिथे तासायचं. आठवडाभर त्यांचे हात काळे होते. मग पाचर मारली, आणि आधाराला वरून भिंतीला एक पट्टी मारायची ठरली.

तपासणीची वेळ आली. मी लोंबकळले, मुलगी लोंबकळली, नवरा लोंबकळला, जो आमच्यात सगळ्यात वजनदार. बाबांचं समाधान होईना. त्यांनी सरळ नवऱ्याच्या साहेबांना फोन लावला. "सर, एक बार आके खींचके देखिए." नवरा हातवारे करून नको नको म्हणत होता. पण साहेब आले. बूट काढले, बाह्या सरसावल्या, दोन्ही हातांनी झाडाला धरून मागे झुकले, मग गदागदा हलवलं.

"पास है," ते म्हणाले. मी चहाला बसायला सांगितलं तर त्यांनी आधी खोलीभर नजर फिरवली आणि प्लॅस्टिकची खुर्ची ओढून घेतली. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा मोकळे हसले.

मॅडमकडे ते झाड न्यायला सोसायटीच्या माळ्याची आणि गार्डची मदत घेतली. पलंगाच्या डाव्या बाजूला, पेन्सिलीच्या खुणेशी उंची जुळवून ते उभं केलं, भिंतीला पट्टी मारली. मॅडम सगळा वेळ पलंगावर हाताची घडी घालून बसल्या होत्या. काम संपल्यावर त्यांनी झाडाकडे खालून वर पाहिलं. मला भीती वाटत होती.

"यह क्या है?"

"पेड़ है," बाबा म्हणाले. "चश्मा टांगने के लिए."

मॅडमनी चष्मा काढून एका लहान फाट्यावर अडकवला. मग शाल दुसऱ्यावर. मग छोटा रेडिओ, त्याच्या दोरीने. मुलीने दिवा आणून लावला, भोपळ्याचाच, बाबांनी तिच्या हट्टाखातर दुसरा केला होता. सगळं लटकवून झाल्यावर हात रिकामा झाला तेव्हा तो आपोआप त्या कोरलेल्या जागी गेला. बोटं खड्ड्यांत बसली. मॅडमनी हात उचलून आत पाहिलं, पुन्हा ठेवला.

"आप लोग उधर देखिए," त्या म्हणाल्या.

आम्ही सगळे, माळी आणि गार्डसुद्धा, खिडकीकडे तोंड करून उभे राहिलो. खिडकीबाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, एक कबुतर आणि समोरच्या ब्लॉकचे वाळत घातलेले कपडे. मागे पलंग करकरला. बांगड्या वाजल्या. मग बराच वेळ काहीच नाही.

"चाय कौन-कौन पिएगा?" मॅडमचा आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला.

बाबा खिशातून रुमाल काढून स्वतःचा चष्मा पुसत राहिले. चहा मॅडमनी स्वतः केला. साखर जास्त पडली होती.

त्यानंतर सोसायटीत बातमी पसरली. मुलीने फोटो टाकला, तर नोएडातल्या एका कॅफेवाल्याने तसली झाडं कोट अडकवायला हवीत म्हणून फोन केला. बाबांनी नकार दिला. "मी दवाखाना बंद केलाय, कारखाना कुठून उघडू?" पण खालच्या मजल्यावरच्या आजोबांना बूट घालताना वाकता येत नाही असं कळलं, तेव्हा ते गरम पाण्याचा वाडगा घेऊन तिकडे गेले. त्यांची अट एकच. ज्याला वस्तू हवी त्याने आधी मेण दाबून द्यायचं.

मॅडमचं आणि त्यांचं आता रोजचं भांडण असतं. चांगल्या अर्थाने. मॅडम बाहेर पडू लागल्या तशी त्यांना काठी हवी झाली. बाबांनी जांभळाच्या मुळीची, वर पोपटाच्या मानेसारखा बाक असलेली सुरेख काठी केली. मॅडमनी ती पाहिली, कौतुक केलं, आणि परत दिली. "डॉक्टर साहब, पेड़ आपकी पसंद का हो गया. छड़ी तो मैं अपनी पसंद की लूँगी." त्यांनी ऑनलाइन मागवलेली काठी लालभडक आहे, घडी घालता येणारी. बाबा अर्धा दिवस रुसले होते. जांभळाची काठी सध्या ते स्वतः वापरतात आणि गुडघे बरे आहेत असं सांगतात.

जानेवारीत धुकं उठलं की सगळी सोसायटी उन्हात येऊन बसते. मागच्या रविवारी मी वरून डोकावले तर बाकावर दोघं होती. मॅडम किन्नू, म्हणजे इकडचं संत्रं, सोलत होत्या आणि फोडींतल्या बिया काढून बाबांच्या हातावर ठेवत होत्या. बाबा त्या बिया उन्हाकडे धरून निरखत होते. आता या बियांचं काय बनणार, ते मी विचारलेलं नाही.